जड हाताचा ठपका

जुबैल, २ नोव्हेंबर २०२५

ती. रत्नाकरमामांस,
अमोघचा शि. सा. न. वि. वि.

मामी म्हणाली, तुम्हाला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाईप केलेलं वाचलं की डोकं दुखतं. म्हणून वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो मामीला पाठवतोय. अक्षराबद्दल बोलू नका. डिप्लोमा अर्धवट टाकल्यापासून सलग दोन पानं मी लिहिलेली नाहीत.

इथे आखातात येऊन तीन महिने झाले. खरं सांगू का, किळस येते. गोकर्णापासून लेहपर्यंत हिंडलो, ट्रकवाल्यांच्या खाटांवर झोपलो, पण अशी ओकारी कुठे आली नाही. खोलीत सहाजण, मोरीच्या जाळीत सहाजणांचे केस, आणि ते कोणाचे यावर रोज भांडण. मेसच्या डाळीवर साय धरते. हवा इतकी दमट की शर्ट वाळत घातला तर जास्त ओला होऊन परत येतो, वर मिठाचे पांढरे डाग. आणि इथल्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल. मूळ रंग फिका पिवळा, बाहेर येतं ते गटारासारखं काळं. वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. बोटांचा वास साबणाने जात नाही, जेवताना घासाबरोबर नाकात जातो.

वर्कशॉपचे फोरमन बदरुद्दीनचाचा. म्हसळ्याचे, तीस वर्षं इथे. त्यांच्या शब्दावर कफीलने, म्हणजे मालकाने, माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, काढला. माणूस चांगला पण हेकट. मराठी ऐकायला मिळते एवढंच सुख, तीही रागावताना.

तर मूळ गोष्ट. शर्मिलाताई म्हणून पुण्याच्या एक इंजिनियर आहेत, पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी बघतात. त्यांच्याकडे लांब पल्ल्याची मोठी मोटरसायकल आहे, म्हशीएवढी. तिचे ब्रेक जोडलेले असतात, म्हणजे हाताचा दाबला की पुढच्या चाकाबरोबर मागचंही थोडं धरतं, आणि पायाचा दाबला की पुढचंही. वर एबीएस, म्हणजे चाक लॉक व्हायला लागलं की यंत्र आपोआप दाब सोडतं आणि धरतं. मागे एकदा सर्व्हिसिंग करून दिली तेव्हापासून त्यांची तक्रार अशी की अगदी हळू चालवताना, सिग्नलला किंवा गोल चौकात वळताना, ब्रेक चावतो. हलका दाबला तरी झटक्यात धरतो. एकदा गाडी आडवी होता होता राहिली. मी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, चाकाच्या डिस्कला, म्हणजे चकतीला, दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड नवे टाकले. तिसऱ्यांदा गाडी परत आली आहे, आणि आधीपेक्षा जास्त चावते.

चाचांचं म्हणणं, गाडीला काही नाही, बाईंचा हात जड आहे. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली, आणि वर शहाणपणा केला की ताई, दोनच बोटांनी दाबत जा.  चौदा तारखेच्या शुक्रवारी त्या आपल्या मुलीला, चौदा वर्षांच्या इराला, मागे बसवून अल उलाला निघणार आहेत. हजारावर किलोमीटर. तोवर ब्रेक सुधारला नाही तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

तुम्ही असतात तर चाकाला हात लावून सांगितलं असतंत. काहीतरी सुचवा. मामीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमचा,
अमोघ

•

सिन्नर, ४ नोव्हेंबर २०२५

चि. अमोघ यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षराबद्दल बोलत नाही, कारण ते अक्षर आहे असं गृहीत धरावं लागेल.

जोडलेल्या ब्रेकची आणि एबीएसची गाडी मी आयुष्यात उघडलेली नाही. गॅरेज बंद करून दोन वर्षं झाली, तरी काल नाशिकला एका शोरूमच्या मागच्या बाजूला जाऊन त्यांच्या कारागिराला विचारलं आणि उत्तरं पाटीवर लिहून घेतली. त्याने मला बहिरा आजोबा समजून फार समजुतीने दाखवलं. रागही आला, उपयोगही झाला. तो सांगतो ते असं.

एबीएस माणसाच्या चालण्याच्या वेगाला झोपलेलंच असतं. तेव्हा हळू चालवताना चावतो म्हणतोस त्याचं खापर आधी त्याच्यावर फोडू नकोस. जोडलेल्या ब्रेकची हवा आपल्यासारखी पुढचा मग मागचा अशी काढायची नसते, नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पुस्तकात क्रम दिलेला असतो. पुस्तक वाच. तुझ्यासाठी हे वाक्य किती कठीण आहे याची मला कल्पना आहे.

मग एकेक तपास. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. गाडी थंड असताना चावतो की तापल्यावर? हाताने की पायाने? दहा वेळा थांबवल्यावर कमी होतो की वाढतो? लिव्हर बोटाखाली धडधडते का? डिस्क वाकडी आहे का? पॅड काढून त्यांचं तोंड बघ, रंग बघ, वास घे. नाक हे फुकटचं हत्यार आहे, आणि तुझं तर किळस येण्यात तयार झालेलं दिसतं.

आणि गिऱ्हाइकाचा हात जड आहे हे शेवटी म्हणायचं असतं, सगळं तपासून झाल्यावर. मीही पुष्कळदा आधी म्हटलेलं आहे.

मंजुषामामी विचारते, मेसची डाळ आवडत नाही तर स्वतः का करत नाहीस. घरच्यांची आठवण राहू दे.

आशीर्वाद आहेतच,
रत्नाकर

•

जुबैल, ९ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला कारण मधे रास अल खैरला जाऊन आलो. खोलीतल्या एकाचा मेव्हणा तिथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर आहे. त्याने सांगितलं की तिथे फिटर हवेत, कंपनीची बस, कंपनीची खोली, मोरीत केस नाहीत. रस्त्यात उंटांचा एक कळप आडवा आला. त्यातला एक बसच्या खिडकीशी तोंड आणून रवंथ करत बसला आणि त्याची हिरवी लाळ माझ्या बाहीवर. ती आंघोळ करेपर्यंत वास मारत होती. पण माणसापेक्षा उंट बरा, तो निदान शांतपणे घाण करतो. असो, कुठे होतो मी.

पुस्तक वाचलं. इंग्रजी, पण चित्रं आहेत. तुमचा कारागीर खरं बोलला, मी हवा चुकीच्या क्रमाने काढली होती. पुन्हा काढली, दोन तास लागले, बुडबुडे निघाले. आता लिव्हर टणक लागते, पण चावणं तसंच.

तुमचे प्रश्न वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहून घेतले आणि मागच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवली. थंड असताना चावतो. दहा-बारा वेळा थांबवल्यावर बराच कमी होतो. म्हणजे बरा झाला म्हणून मी गाडी देतो, आणि दोन दिवसांनी ताई परत येतात. हाताने दाबला तरी चावतो, पायाने दाबला तरी, पण ब्रेक जोडलेले असल्यामुळे त्यावरून काही ठरत नाही, दोन्ही चाकं एकमेकांचं खोटं झाकतात. धडधड नाही. डिस्क सरळ. पॅड काढले तर नवे असूनही तोंडावर काळपट चकाकी, काही ठिकाणी ओलसर डाग. मी समजलो इथल्या हवेनं झालं असेल. वास म्हणाल तर चाक तापल्यावर छान वास येतो, खोबरं भाजल्यासारखा. मामीच्या काळ्या मसाल्याची आठवण आली आणि तिथेच दोन मिनिटं उकिडवा बसलो. ते पॅड घासून पुसून परत बसवले.

आता चाचांचं ऐका. त्यांनी सांगितलं की एबीएसचा फ्यूज काढ आणि गाडी चालवून बघ. मला इतकी घाण वाटली. म्हणजे यंत्रच बंद, मग तक्रारही बंद. मी नाही म्हटलं. ते अरबीत काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. अशा माणसाच्या हाताखाली राहायचं नाही मला. रास अल खैरचं मनात घेतलं आहे. पिशवी तशीही कधी पूर्ण उघडलेली नसते माझी.

गाडी बुधवारी सकाळी देतोय. चाळीस वेळा थांबवून बघितली, आत्ता चावत नाही. देव करो आणि तशीच राहो.

लोभाची शिदोरी संपू देऊ नका.

तुमचा,
अमोघ

•

सिन्नर, १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी

चि. अमोघ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल संध्याकाळी मामीने दाखवलं. तीनदा वाचलं.

पहिलं, तुझे चाचा बरोबर आहेत. फ्यूज काढूनही चावला तर एबीएस निर्दोष, हे पाच मिनिटांत कळलं असतं. तो तपास होता, लपवाछपवी नव्हे. तू विचारलं नाहीस, तोंड वाकडं केलंस.

दुसरं, ब्रेकमधून खोबऱ्याचा वास येण्याचं काही कारण नाही. पॅडमध्ये धातू असतो, राळ असते, खोबरं नसतं.

आता मला एवढंच लिही. काम संपल्यापासून किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत तू त्या गाडीला काय काय करतोस, क्रमाने, काही न वगळता. उंट नकोत.

गाडी दिली नसशील तर देऊ नकोस.

रत्नाकर

•

जुबैल, १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार दुपार

ती. मामांस,
शि. सा. न.

गाडी काल सकाळी आठलाच दिली. तुमच्या पत्राचा फोटो मी आज जेवणाच्या सुट्टीत बघितला.

क्रमाने लिहितो. हत्यारं पुसतो. चाकांची हवा बघतो. आरसे सरळ करतो. मग फडकं घेतो.

तुमच्या गॅरेजमध्ये पुसल्याशिवाय एक गाडी बाहेर गेली नाही. खोबरेलात रॉकेल मिसळून भिजवलेलं फडकं, मडगार्डपासून चाकापर्यंत, गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. इथेही मी तेच करतो. रॉकेल नाही तर डिझेल, खोबरेल चाचांच्या घरून. चाचा खूश, कफील खूश, इथे लोक माझ्या चकाकीचं नाव काढतात. शर्मिलाताईंच्या गाडीवर जास्तच हात फिरवला, कारण तीनदा परत आली म्हणून लाज वाटत होती. रिम पुसल्या, डिस्कची कडही पुसली, गंज धरू नये म्हणून. चाळीस वेळा थांबवून बघितल्यानंतर पुसली, मामा. तपासून मग पुसली. तेल डिस्कवरून पॅडमध्ये जातं, थंड असताना चिकटून धरतं, तापलं की जळतं आणि खोबऱ्याचा वास येतो, आणि त्या वासाने मला घर आठवतं.

मला आत्ता इतकी किळस आली आहे की हात अंगापासून लांब धरून लिहितोय. मोरीतल्या केसांची नाही, डाळीची नाही, या हाताची. नवे पॅड टाकले आणि तेही याच हाताने नासवले. आणि वर ताईंना म्हटलं, तुमचा हात जड.

उद्या पहाटे पाचला त्या निघणार आहेत, मागे पोरगी. तीन वाजता रास अल खैरची बस वर्कशॉपवरून जाते आणि पिशवी भरलेली आहे. फोन करून नुसतं सांगितलं की पॅड बदलून घ्या तरी काम होईल, माझं नाव न येता.

आधी चाचांना सांगतो. पुढचं माहीत नाही.

अमोघ

•

जुबैल, १८ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
अमोघचा शि. सा. न. वि. वि.

बस गेली. मी तिच्याकडे बघत नव्हतो, चाचांसमोर उभा होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग तेलाचा डबा उचलून नाकाशी धरला आणि विचारलं की अशा किती गाड्या. मी मोजल्या, अकरा. ते खुर्चीवर बसले. मला वाटलं आता खलास, इकामा रद्द. पण ते म्हणाले की त्या बाईला जड हात तू एकदा म्हणालास, मी तीनदा म्हणालो, चल गाडीत बस.

कपाटातला पॅडचा शेवटचा जोड घेऊन आम्ही ताईंच्या कंपाउंडवर, म्हणजे त्या राहतात त्या वसाहतीत, गेलो. त्या गाडीला बॅगा बांधत होत्या. इरा फाटकावर बसून आम्हाला इंग्रजीत विचारत होती की आम्ही कोण. मी सांगून टाकलं की ब्रेकला चावायला मी शिकवलं. कसं ते सांगितलं. ताईंनी पॅड स्वतःसमोर काढायला लावले. एक हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि तोंड असं केलं जसं मी डाळीकडे बघून करतो.

मग त्यांनी विचारलं की हात जड आहे असं सांगताना मला खात्री होती का. मी म्हटलं नव्हती. त्या म्हणाल्या, मग ते तेलापेक्षा वाईट. गेले तीन आठवडे त्या ऑफिसातून आल्यावर रिकाम्या रस्त्यावर हात हलका करण्याचा सराव करत होत्या. बावीस वर्षं गाडी चालवून. त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली होती आणि तरी त्या मुलीला मागे बसवणार होत्या. आवाज त्यांनी चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

रागाने हाकलतील असं वाटत होतं, तर आतून एक कागद घेऊन आल्या. त्यांच्या प्लांटमध्ये अपघात होता होता राहिला की तो भरायचा असतो. काय झालं, कशामुळे, कोणाला इजा झाली असती, पुन्हा होऊ नये म्हणून काय. शिक्षा नसते, पण सही स्वतःची आणि अक्षर स्वतःचं. मराठीत लिही म्हणाल्या. मी फाटकाशी बसून लिहिलं. तिसऱ्या रकान्यात इराचं नाव लिहायचं होतं. ती समोर बसून बघत होती, आणि इ ऱ्हस्व की दीर्घ हेच मला आठवेना. तिनेच हवेत बोट फिरवून दाखवलं. मामा, आयुष्यात एवढं अवघड काही लिहिलं नाही.

डिस्क क्लीनरने तीनदा धुतल्या, नवे पॅड बसवले, फ्यूज काढून आणि घालून दोन्ही प्रकारे तपासलं. शुक्रवारी दिवसभर ताईंनी कंपाउंडात गाडी हळू ते जोरात थांबवून नवे पॅड रुळू दिले. चाचा स्वतः मागे बसले. मी पुसली नाही. धुळीसकट दिली. त्या शनिवारी निघाल्या आणि काल अल उलाला पोचल्याचं इराने कळवलं.

बाकी दहांना चाचांनी फोन केले, कोणाशी अरबी, कोणाशी उर्दू. दर वेळी आमची चूक असं म्हणत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. सात गाड्या आल्या, तीन जणांचा फोन लागत नाही. उद्या त्यांच्या पत्त्यावर जायचं आहे. माफी म्हणून चाचांनी ताईंकडे सुके बोंबील पाठवले. ताई शाकाहारी. डबा परत आला नाही, म्हणजे इराने खाल्ले असावेत.

त्या कागदावर एक रकाना होता, ही पद्धत कुठे शिकलात. तिथे मी काही लिहिलं नाही.

तुमची माया होती तेवढीच राहो.

तुमचा,
अमोघ

•

सिन्नर, २३ नोव्हेंबर २०२५

चि. अमोघ यास,
अ. उ. आ.

तो रकाना रिकामा ठेवलास ते चूक केलंस. ताईंकडून कागद परत माग आणि तिथे रत्नाकर, सिन्नर, असं लिही. फडकं माझं आहे. ड्रमचा ब्रेक डब्यात बंद असतो, त्याला ते बाहेरून लागलं तर काही बिघडत नव्हतं. डिस्कच्या गाड्या आल्या, मी बदललो नाही. चकाकीचं नाव होतं ना.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. मामीला वाटलं तुझी काळजी. ती नव्हती. सरस्वती नदीच्या पलीकडच्या आळीत विभाताई राहतात, त्यांचा सुयश तू लहान असताना इथे यायचा की नाही मला आठवत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याने पहिली नोकरी लागल्यावर पहिली डिस्कची गाडी घेतली आणि माझ्याकडेच देत असे. तो दोनदा तक्रार घेऊन आला की ब्रेक झटक्यात धरतो. मी पॅड बघितले नाहीत. म्हटलं, बाळा, तुझा हात जड आहे. मग तो बाजारात वळताना पडला. गुडघा गेला. मी दवाखान्यात जाऊन आलो आणि तिथेही तेच म्हटलं, चार माणसांत. त्याने गाडी विकली, नंतर कुठलंच वाहन हातात घेतलं नाही. बायकोच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जातो. आळीतली पोरं हसतात, मी बघितलेलं आहे.

तो पडला ते माझ्या तेलामुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण तपासलं नव्हतं हे छातीठोक सांगता येतं.

काल गेलो. सांगितलं. सुयश खाली बघत ऐकत होता. विभाताईंनी माझ्यासाठी चहा आणला होता, तो त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतला आणि कप घासायला घेतला. मला ते योग्य वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी किळस होती तिच्यासाठीच मी गेलो होतो असं म्हण.

निघालो तेव्हा सुयश लंगडत फाटकापर्यंत आला. त्याने माझ्या पाटीवर लिहिलं की हात जड आहे की नाही हे आता कळायचं कसं. मी लिहिलं, बायकोची स्कूटर घेऊन ये, ब्रेक आधी दोघं मिळून उघडून बघू, मग तू चालव, मी मागे बसतो.  त्याने पाटी पुसली आणि त्यावर लिहिलं, रविवारी सात.

आज रविवार आहे. सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत आणि मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे. आमच्या आळीच्या तोंडाशी एक स्कूटर उभी दिसते, त्यावरचा माणूस एक पाय जमिनीला टेकवून आहे, पुढे येत नाही, मागे जात नाही. पत्र इथेच थांबवतो. चालत त्याच्यापर्यंत जाऊन येतो.

आहे तो जिव्हाळा दोन्हीकडे राहो.

तुझा,
रत्नाकरमामा